मधे कोण बसलंय

माझी मावशी फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाही, 'बोला' म्हणते. त्या एका शब्दावर पलीकडचा माणूस सरळ होऊन बसतो. अठ्ठावीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होती. आधी वायरी आणि भोकं, मग बटणं, पण काम तेच. बाहेरून कुणीतरी घाबरलेलं बोलतंय, त्याला आतल्या माणसाशी जोडून द्यायचं. हेडफोनच्या पट्टीने तिच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत. "नोकरीने दिलेला भांग," असं ती म्हणते.

बोर्डाशेजारच्या भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने एक यादी लावली होती. लाइन कुणाला द्यायची नाही त्याची. औषधं विकणारे, मोठ्या डॉक्टरांना उगाच छळणाऱ्या एक बाई, आणि सगळ्यात खाली लाल शाईत: नाव न सांगणारा कुणीही. ती यादी म्हणजे मावशीचं वेदवाक्य होतं.

एकदाच घोटाळा झाला. चार नंबरच्या वॉर्डातल्या एका पेशंटचा भाऊ रोज संध्याकाळी फोन करायचा. त्याला नाव विचारावं लागत नसे, 'नमस्कार ताई' एवढं ऐकलं की मावशी जोडून द्यायची. एका संध्याकाळी लाइनवर कुणी घोगरा माणूस आला. "चार नंबर द्या." कोण बोलतंय म्हणून विचारलं तर नुसतं "द्या हो, द्या" करत राहिला. मावशीने नाही म्हणून सांगितलं आणि लाइन काढली. नंतर कळलं, तो तोच भाऊ होता. रडून आवाज बसला होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डातला तो पलंग रिकामा झाला.

"रोजचाच माणूस होता गं," मावशी वर्षातून एकदा तरी मला सांगते. "आवाज तेवढा बदलला होता." आणि सांगून झालं की उठून काहीतरी पुसायला घेते.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण त्या दिवशीचं सगळं याच्यावरच येऊन अडलं होतं.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, शाळेत कवायत शिकवायचे. अख्खं गाव त्यांना मास्तरच म्हणतं, घरात मावशीही. त्यांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं की तीन गल्ल्या पलीकडे भाजी घेणारी माणसं पाय जुळवायची. दोघांची ओळखही आवाजानेच झाली. शाळेतल्या एका मुलाचा हात मोडला, मास्तरांनी इस्पितळात फोन लावला आणि बोर्डावरच्या बाईवर ओरडले, "लवकर जोडा बाई, पोरगं रडतंय." मावशी म्हणाली, "जोडते, धीर धरा." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, अजून दोघं एकमेकांना ती वाक्यं ऐकवतात. ऐकवायचे, म्हणायला हवं.

कारण या वर्षी मास्तरांचा आवाज घोगरा झाला, मग खरखरला, मग तपासण्या झाल्या. घशात गाठ निघाली, आणि ती वाईट निघाली. इथल्या सर्जनने सांगितलं, आवाजाचे दोन पडदे असतात, त्यातला एक हलत नसल्यासारखा दिसतो. म्हणजे गाठ खोल गेली असणार. स्वरयंत्र काढावं लागेल. सोमवारची तारीख दिली.

त्या आधी एका मोठ्या तज्ज्ञ बाईंचं मत घ्यायचं ठरलं. त्या दुसऱ्या शहरात बसतात, कॉम्प्युटरवरून भेटतात. मोठ्या खटपटीने वेळ मिळाली, ती शुक्रवारी सकाळी साडेअकराची. साडेअकराला त्यांच्या पानावर हजर राहायचं, घशातल्या कॅमेऱ्याची फिल्म डिस्कवरून तिथेच दाखवायची, आणि पेशंटने त्यांच्यासमोर बोलायचं. दहा मिनिटं वाट बघणार, नंतर नंबर पुढच्याला. बोलायचं म्हणून तोवर आवाजाला पूर्ण विश्रांती द्यायला सांगितलं होतं. अकरा दिवस मास्तर गप्प होते.

शुक्रवारी मी गेले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. दार उघडंच होतं. आतून शिट्टी आली, लांब, एकच.

"ये गं, ठमे," मावशी म्हणाली. "एक शिट्टी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तीन वाजल्या तर मी धावत यायचं. जन्मभर पोरं दमवली, आता मी सापडलेय."

मास्तर खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात तीच जुनी पितळी शिट्टी, मांडीवर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. त्यांनी लिहून दाखवलं: 'तुझी मावशी पहाटेपासून कॉम्प्युटरसमोर. कॉम्प्युटर घाबरलाय.'

कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या टेबलावर होता. पडद्याच्या कडेला मावशीच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला: अनोळखी काही विचारेल तर 'नाही'. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा खिडकीला मावशीने 'हो' म्हटलं आणि मशीनमधले सगळे फोटो गेले होते. तेव्हा थोरल्याने, म्हणजे तिच्या मुलाने, एक राखणदार प्रोग्रॅम बसवून दिला होता. कोपऱ्यात त्याचं ढालीचं छोटं चित्र दिसायचं.

"सगळं तयार आहे," मावशी म्हणाली. "डिस्क आत घातलीय. कॅमेऱ्यात मास्तरांचं नाक बघून झालंय. फक्त पान उघडायचं."

तिने ब्राउझर उघडला. क्लिनिकच्या पानावर टिचकी मारली. गोल फिरलं, फिरलं, आणि पांढऱ्या पानावर अक्षरं आली: सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"कालपर्यंत उघडत होतं. काल दोनदा तालीम केली मी." तिने पुन्हा टिचकी मारली. तेच पान. "सकाळी या ब्राउझरने आपणहून काहीतरी नवीन भरून घेतलं. अपडेट झालं म्हणाला. त्याचं चित्रसुद्धा जरा वेगळं दिसतंय बघ, न्हाव्याकडून आल्यासारखं."

"आणि तू काय केलंस?"

"मी काहीच नाही केलं."

मी दुसरं पान उघडून पाहिलं. तिसरं पाहिलं. सगळीकडे तोच निरोप. मास्तर आमच्याकडे बघत होते, म्हणून मी तोंड जमेल तेवढं सरळ ठेवलं. माझा मोबाइल काढून त्यावर क्लिनिकचं पान उघडलं. उघडलं लगेच, पण आत सोडेना. 'कृपया कॉम्प्युटरवरून या.' फिल्म दाखवायची सोय मोबाइलवर नव्हती.

"क्लिनिकला फोन लाव," मी म्हटलं.

मावशीने नंबर फिरवला. पलीकडे एक गोड बाई बोलायला लागली, नवीन भेटीसाठी एक दाबा, जुन्या भेटीसाठी दोन दाबा. मावशीने दोन दाबलं. बाई पुन्हा पहिल्यापासून.

"ही श्वासच घेत नाही," मावशीने फोन खाली ठेवला. "मशीन आहे. हिच्याशी काय बोलायचं. थोरल्याला लाव."

थोरला एका गोदामाच्या ऑफिसात असतो. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, बंद करून चालू केलंस का?"

"काय? ब्राउझर, कॉम्प्युटर, का तुझ्या वडलांना?"

"आई, प्लीज. आधी राउटर. मागची वायर काढ, तीसपर्यंत मोज, परत लाव."

मी टेबलाखाली शिरले. वायर काढली. वरून मावशी मोजत होती. राउटरचे दिवे लागले, सगळे हिरवे. पान तेच.

"कॉम्प्युटर रीस्टार्ट करा."

"दादा, याला चालू व्हायला सात मिनिटं लागतात," मी म्हटलं.

"किती वाजलेत?"

"अकरा पाच."

"मग करा."

ती सात मिनिटं मी कधी विसरणार नाही. काळ्या पडद्यावर आमची तीन तोंडं दिसत होती. मावशी हाताची बोटं एकात एक अडकवून बसली होती, बोर्डावर लाइन मोकळी व्हायची वाट बघत बसायची तशी. मास्तरांनी काही लिहिलं आणि कागद उलटा करून ठेवला. मी विचारलं काय लिहिलंत, तर दोन शिट्ट्या.

मशीन चालू झालं. ब्राउझर उघडला. सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.

"आता माझ्या मोबाइलच्या इंटरनेटवर जोडून बघते," मी म्हटलं. जोडलं. तरी तेच.

"म्हणजे दोष लाइनचा नाही," मावशी स्वतःशीच पुटपुटली. "दोन वेगळ्या लाइनी, दोन्ही मुक्या. असं नसतं होत."

"आई, तू ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जा," थोरला फोनवरून. "साठवलेलं सगळं पुसून टाक. मग प्रॉक्सी म्हणून असेल बघ, दुसऱ्या मशीनमार्फत जायची सोय, तिथे 'प्रॉक्सी नको' असं निवड."

ते केलं. मी करत होते, मावशी मोठ्याने वाचत होती. प्रॉक्सी आधीपासूनच नको होती.

"दुसरा ब्राउझर आहे का?" मी विचारलं.

पलीकडे थोरल्याने घसा खाकरला. मग म्हणाला, "मीच काढला. आईचा गोंधळ होतो म्हणून. दोन दारं नकोत म्हणाली."

"मी म्हणाले?"

"तूच म्हणालीस."

"म्हणाले असेन," मावशी म्हणाली. "शेजारी कुणाकडे जाऊ? वरचे दोघंही कामावर. समोरच्या शिंप्याकडे कॉम्प्युटर आहे, पण त्याला कॅमेरा नाही."

"आई, मी निघतो इथून."

"तुला यायला पाऊण तास लागतो. नकोस निघू. तिथेच बोलत राहा."

अकरा बत्तीस. वेळ सुरू होऊन दोन मिनिटं झाली होती. मावशी उठली, मास्तरांच्या खुर्चीपाशी जाऊन त्यांची कॉलर सारखी केली. कॉलर सारखीच होती. मास्तरांनी तो उलटा ठेवलेला कागद तिच्या हातात दिला. मी लांबून वाचला: 'राहू दे. सोमवारी जाऊ. तू बोल, मी ऐकेन.'

मावशीने कागदाची घडी केली. पुन्हा एक घडी केली.

"हे बघा मास्तर," ती म्हणाली, "आयुष्यभर मला ओरडून बोललात, आता लिहून रडवू नका."

एवढ्यात कॉम्प्युटर टिंग करून वाजला. कोपऱ्यात पत्राचं पाकीट उगवलं. मेल आली होती, क्लिनिकचीच. 'आपली भेट सुरू झाली आहे. डॉक्टर ११.४० पर्यंत आपली वाट पाहतील.'

"वाट पाहतायत," मी म्हटलं, आणि माझ्याच आवाजाने मला रडू आल्यासारखं झालं. "त्या तिथे वाट पाहतायत, आणि आपण इथे..."

"थांब." मावशीने हात वर केला. "हे पत्र कुठून आलं?"

"क्लिनिककडून."

"ते कळलं मला. आलं कसं? लाइन बंद आहे ना?"

मी ते पत्र पुन्हा उघडून पाहिलं.

"पत्राचा प्रोग्रॅम वेगळा," फोनमधून थोरला म्हणाला. "त्याला इंटरनेट मिळतंय वाटतं."

"म्हणजे लाइन आहे." मावशी येऊन खुर्चीवर बसली. बसण्याची ढब एकदम बदलली होती. पाठ सरळ, मान जरा डावीकडे, जणू कानावर पट्टी आहे. "लाइन आहे, पलीकडची माणसं आहेत, ती तर वाट बघतायत. पत्राला सोडतात, याला सोडत नाहीत. मग मधे कोणीतरी बसलंय. कोण आहे मधे? बोर्डावर कोण बसलंय?"

"आई, अगं बोर्ड वगैरे काही नसतं त्यात," थोरला म्हणाला.

"असतं. बोर्ड नाही असं कुठे असतं? कुणीतरी ठरवतंच, याला द्या, त्याला देऊ नका." तिची नजर पडद्याच्या कडेला गेली. तिथल्या कागदावर थांबली. अनोळखी काही विचारेल तर 'नाही'. मग खाली, कोपऱ्यातल्या ढालीवर.

मला तिचा चेहरा उतरताना दिसला. राग नव्हता. ओळख होती.

"ठमे," ती हळू म्हणाली. "सकाळी त्या ढालीने मला विचारलं होतं."

"काय विचारलं?"

"हा प्रोग्रॅम बदलला आहे, याला बाहेर जाऊ द्यायचं का. नाव असलं काहीतरी लांबलचक लिहिलं होतं, ओळखीचं वाटेना. मी नाही म्हटलं."

"मावशी, मी तुला मघाशी विचारलं, काय केलंस म्हणून."

"मला वाटलं, नाही म्हणणं म्हणजे काही न करणं." तिने डोळे क्षणभर मिटले. "रोजचाच माणूस होता. नवीन भरून घेतल्यावर आवाज तेवढा बदलला, आणि मी परत नाही म्हटलं."

'परत' म्हणाली ती. मग मास्तरांनी शिट्टी फुंकली, एकदम कर्कश, मैदानावर ढिम्म उभ्या पोरांना हलवायला फुंकायचे तशी. मी दचकले. मावशी जागी झाली.

"दादा, ढाल उघडली. पुढे काय?" मी ओरडले.

"यादी असेल. प्रोग्रॅमची यादी. कुणाला परवानगी, कुणाला नाही."

यादी होती. मावशीने बोट ठेवून वरून खाली वाचली, एकेक नाव, घाईत नाही. तिला मधे तोडायची माझी हिंमत नव्हती. पत्राचा प्रोग्रॅम, हिरवी खूण. घड्याळाचा, हिरवी. आणि मग आमचा ब्राउझर, शेजारी लाल फुली.

"हा बघ. उभा आहे बिचारा बाहेर."

तिने फुलीवर टिचकी मारली. 'या प्रोग्रॅमला नेहमी परवानगी द्यायची आहे का?' तिने मोठ्याने वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग 'हो' दाबलं.

अकरा अडतीस. ब्राउझर बंद केला, उघडला. गोल फिरलं. मी मास्तरांचा हात धरला होता, कधी धरला ते आठवत नाही.

पान उघडलं. निळी पट्टी, क्लिनिकचं नाव, 'आत या'. आणि मग एक करड्या केसांच्या बाई, चष्मा कपाळावर, हातात पेन.

"अगदी शेवटच्या क्षणी आलात," डॉक्टर म्हणाल्या. "मी पुढच्यांना बोलावणारच होते."

"चूक माझी झाली," मावशी म्हणाली. बाकी काही नाही सांगितलं.

फिल्म चालू झाली. ते बघवत नव्हतं, लाल ओलसर गुहा आणि तिच्या तोंडाशी दोन फिकट पडदे. डॉक्टर ती मागे घ्यायच्या, पुढे न्यायच्या, पुन्हा मागे. मावशी त्यांच्या श्वासाकडे कान लावून होती, मला कळत होतं. कितीतरी वेळाने त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"अहवालात एक पडदा हलत नाही म्हटलंय. फिल्ममध्ये घशात चिकटा खूप आहे, नीट कळत नाही. जरा जवळ या. काहीतरी बोला. वाक्य बोला, साधं कुठलंही."

मास्तर खुर्ची ओढून पुढे आले. तोंड उघडलं, पण काहीच बाहेर येईना. अकरा दिवस दार बंद होतं, आतला माणूस चालायलाच विसरला होता. मावशीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"लवकर जोडा बाई," मास्तर म्हणाले. खडबडीत, तुटका, खडीवरून ओढल्यासारखा आवाज. "पोरगं रडतंय."

"जोडते," मावशी म्हणाली. तिचाही आवाज बसला होता. "धीर धरा."

डॉक्टरांनी एकदा मावशीकडे, एकदा मास्तरांकडे पाहिलं. "आता 'ई' म्हणा. लांब. वर चढवत न्या." मास्तरांनी म्हटलं. दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा जरा चढलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ऐका. आवाज असा वर चढतोय म्हणजे तो पडदा हलत असावा. माझी खात्री नाही, तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पण सोमवारी काढून टाकायची घाई करू नका. बुधवारी इथे या, मी स्वतः कॅमेरा घालून बघते. हलत असेल तर आधी किरणांचे उपचार देऊन पाहू, साधारण सहा आठवडे. आवाज कदाचित राहील. कदाचित. नसेल हलत, तर सर्जन म्हणतायत तेच करावं लागेल. तोवर पुन्हा गप्प बसायचं."

"बसतील," मावशी म्हणाली. "मी बघते."

भेट संपली, डॉक्टरांची खिडकी मिटली. मावशीने आधी सर्जनच्या दवाखान्याला फोन लावला, सोमवारची तारीख पुढे ढकलली, बुधवारचं सांगितलं, नाव दोनदा उच्चारून लिहून घ्यायला लावलं. मोबाइलमधून थोरला अजून "आई? काय झालं? कुणी सांगेल का मला?" करत होता. आम्ही त्याला विसरूनच गेलो होतो.

त्याला सगळं सांगून झालं तेव्हा पडद्यावर एक नवी खिडकी उघडली होती. मावशीने चष्मा लावला.

"आणखी एक अपडेट तयार आहे," तिने सावकाश वाचलं. "आत्ता करायचं, की नंतर?" ती मास्तरांकडे वळली. "अहो, विचारतायत. काय सांगू?"

मास्तरांनी शिट्टी ओठांना लावली. दोनदा वाजवली.

"नंतर," मावशी म्हणाली, आणि 'नंतर' दाबलं. मग कडेचा तो कागद काढला, पेन घेतलं, आणि 'नाही' खोडून वर लिहिलं, 'आधी पूर्ण वाचायचं'. बुधवारला अजून पाच दिवस होते.